धागा : पाकीट फेकणारे संग्राहक

१/
जुनी ध्वनिमुद्रिका जपायची आणि तिचे कागदी पाकीट रद्दीत टाकायचे, असे करणाऱ्या मनुष्यास आज सर्रास 'संग्राहक' म्हटले जाते. मला हा त्या शब्दाचा अपमान वाटतो. शिलालेख उचलून घरी आणावा आणि तो कोणत्या गावी, कोणत्या देवळाच्या भिंतीत होता याची नोंदच ठेवू नये, त्यातलाच हा प्रकार. प्रस्तुत धागा या सवयीविरुद्ध आहे. लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
लिहितो आहे वरोऱ्यातून. वरोरा म्हटले की लोकांना आनंदवन आठवते. इतिहासाची थोडी अधिक गोडी असेल तर जुनी कोळशाची खाण आणि त्या कोळशासाठी १८७० च्या दशकात वर्ध्याहून येथवर आणलेला लोहमार्ग आठवतो. खाण १९०६ साली बंद पडली, लोहमार्ग राहिला. ग्रामोफोन मात्र कोणाच्याच आठवणीत नाही. आणि ज्या कागदांवर त्याची आठवण शिल्लक आहे ते कागद आम्ही किलोच्या भावाने विकतो आहोत.

३/
नव्या वाचकांसाठी आधी थोडी ओळख. जुन्या ध्वनिमुद्रिका मुख्यतः दोन जातींच्या. पहिली जड, ठिसूळ, काळी तबकडी. मिनिटाला ७८ फेरे. दहा इंची असेल तर एका बाजूस जेमतेम तीन मिनिटांचे गाणे. दुसरी हलकी, वाकणारी, व्हायनलची. अमेरिकेत कोलंबिया कंपनीने १९४८ साली ३३⅓ फेऱ्यांची लाँग-प्ले आणली आणि पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टरने सात इंची, ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी आणली. जगभरचे रॉक आणि सोल संगीत या सात इंचांवर स्वार होऊनच पसरले. आपल्याकडे त्याच आकारात बहुधा चार गाण्यांची 'ईपी' लोकप्रिय झाली: चित्रपटगीते, भावगीते, लावण्या, भक्तिगीते.

४/
पण भारतात एक गोष्ट निराळी घडली. ब्रिटनमध्ये ७८ फेऱ्यांची तबकडी १९६० च्या सुमारास संपली. आपल्याकडे ती त्यानंतरही कैक वर्षे निघत राहिली. कारण साधे होते. चावीच्या ग्रामोफोनला वीज लागत नाही, आणि आपल्या बहुतेक खेड्यांत वीज नव्हती. त्यामुळे एक नवल घडले: बीटल्सची पहिली तबकडी ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९६२ मध्ये निघाली तेव्हा तिथे ७८ चा जमाना सरला होता, पण भारतात दमदमच्या कारखान्यातून त्याच बीटल्सची गाणी लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर निघत होती. आज परदेशी संग्राहक या भारतीय तबकड्यांसाठी जीव टाकतात.

५/
'लाखेच्या' हा शब्द अलंकारिक नाही. पळस, कुसुम, बोर या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचा किडा पोसला जातो. फांदीवरची लाख खरवडून, धुऊन, वितळवून तिचा चपडा करतात. तबकडीच्या मिश्रणात हा चपडा बांधणीचे काम करी. बाकी दगडाची भुकटी, काजळी आणि थोडे तंतू. छोटा नागपूरपासून गोंदिया-गडचिरोलीपर्यंतचा जंगलपट्टा हा लाखेचा मुलूख. गौहर जानचा आवाज ज्या पदार्थात गोठला तो पदार्थ अशा जंगलांतून येत होता. (अमुक तबकडीत 'आमच्याच' पळसाची लाख आहे, असली वाक्ये मात्र कृपया लिहू नका. अभिमानाला पुरावा लागत नाही, इतिहासाला लागतो.)

६/
याच चपड्यापायी पहिली मोठी कत्तल झाली. दुसऱ्या महायुद्धात चपडा युद्धसामग्रीसाठी हवा होता आणि भारताकडून येणारी जहाजे धोक्यात होती. अमेरिकेने एप्रिल १९४२ मध्ये ध्वनिमुद्रिकांसाठीचा त्याचा वापर ७० टक्क्यांनी उतरवला. नव्या तबकडीसाठी जुन्या तबकड्या परत मागितल्या गेल्या आणि दळून पुन्हा लगद्यात गेल्या. तेव्हाच्या लोकांना निदान युद्धाची सबब होती. आपल्याजवळ कोणती आहे?

७/
आता पाकिटाकडे येऊ. ७८ च्या तबकडीचे पाकीट म्हणजे खाकी किंवा रंगीत कागद, मधोमध गोल भोक, त्यातून लेबल दिसावे. त्यावर गाण्याचे नाव नसे, गायिकेचे चित्र नसे. कंपनीचे नाव, बोधचिन्ह, आणि सुयांची जाहिरात. एक सुई एकदाच वापरा, असा उपदेशही. सर्व तबकड्यांना एकच पाकीट. म्हणूनच लोक म्हणतात, 'त्यात काय आहे?' त्यात काय आहे हे मी माझ्याच गावच्या भंगाराच्या ढिगापाशी शिकलो.

८/
एका जुन्या घराची आवराआवर झाली आणि सामान भंगारात आले. तबकड्या एका पोत्यात, पाकिटे रद्दीच्या गठ्ठ्यात. मी विचारले, वेगळे का केले? दुकानदाराने सरळ उत्तर दिले: "कागदाला भाव आहे दादा, या काळ्या चकत्यांना नाही. चकत्या न्यायला नागपूरचा माणूस येतो, त्यालाही कागद नको असतो." त्या 'नागपूरच्या माणसा'चा मला राग आहे, भंगारवाल्याचा नाही. भंगारवाल्याने इतिहासप्रेमी असल्याचा दावा केलेला नव्हता.

९/
रद्दीचा तो गठ्ठा मी घेतला. पाकिटांवर जांभळ्या शाईचे रबरी शिक्के होते. दुकानदाराचे नाव, खाली तो काय काय विकतो त्याची यादी: घड्याळे, सायकली, ग्रामोफोन, सुया. ही यादी म्हणजे सामाजिक इतिहासाचा उतारा आहे. ग्रामोफोन हा तेव्हा 'कला' या खात्यात नव्हता. तो चावीच्या आणि चाकांच्या नवलाईत मोडत होता. जो मनुष्य घड्याळ उघडू शकतो तोच ग्रामोफोनची स्प्रिंग बदलू शकतो, म्हणून तो त्याच्या दुकानात. संगीताच्या कोणत्या ग्रंथात हे वाचायला मिळते?

१०/
आता शिक्क्यावरचा पत्ता वाचा. हा भाग मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण तुमच्यापैकी अनेक जण नाण्यांवरून, मोडी कागदांवरून काळ ठरवायला शिकत आहात. तीच शिस्त येथे लागू पडते.

११/
शिक्क्यात 'सी. पी.' असेल, म्हणजे मध्य प्रांत, तर तो शिक्का १९५० पूर्वी तयार झालेला असावा. त्या वर्षी मध्य प्रांत व वऱ्हाडाचे मध्य प्रदेश झाले. 'म. प्र.' असेल तर १९५० ते १९५६. त्यानंतर विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. म्हणजे वरोऱ्याचा एखादा दुकानदार जागचा न हलता बारा वर्षांत चार राज्यांत राहिला, आणि राज्य बदलले की केव्हातरी त्याला रबरी शिक्का बदलावा लागला. राज्यपुनर्रचनेचा इतका घरगुती पुरावा दुसरा कोणता आहे?

१२/
जिल्ह्याचे नाव पाहा. 'जि. चांदा' की 'जि. चंद्रपूर'? चांद्याचे चंद्रपूर १९६४ च्या सुमारास झाले. पत्त्यात 'जि. गडचिरोली' असेल तर शिक्का २६ ऑगस्ट १९८२ नंतरचा, कारण त्याआधी तो जिल्हाच नव्हता. सहा अंकी पिन कोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. अर्थात शिक्के झिजेपर्यंत वापरले जातात, जुना शिक्का नव्या राज्यातही चालतो. म्हणून शिक्क्यावरून 'याआधीचा नाही' हे ठामपणे म्हणता येते, 'यानंतरचा नाही' हे जपून म्हणावे.

१३/
मग किंमत. पेन्सिलीने कोपऱ्यात लिहिलेली असते. आणे असतील तर बहुधा १ एप्रिल १९५७ पूर्वीची. त्या दिवशी दशमान नाणी आली. 'न. पै.' म्हणजे नवे पैसे असतील तर १९५७ ते १९६४. जून १९६४ पासून 'नवे' हा शब्द गळाला आणि नुसते पैसे राहिले. (सवयीने आणे लिहिणारे काही वर्षे होतेच.) आता शिक्का, किंमत आणि लेबलावरचा क्रमांक ही तिन्ही एकत्र ठेवा. तबकडी निघाली केव्हा आणि वरोऱ्यात विकली गेली केव्हा, यांतले अंतर तुमच्या हाती येते. मुंबईत गाजलेले गाणे जंगलाच्या तोंडाशी किती उशिरा पोहोचले, याचे उत्तर त्या अंतरात आहे.

१४/
पाकिटे फेकली की हे अंतर फेकले. तबकडी नागपूरच्या बाजारात गेली, तिथून मुंबईच्या चोरबाजारात गेली, एखाद्या स्वच्छ प्लास्टिकच्या पाकिटात बसली. आता ती कोठल्याही गावची आहे, म्हणजेच कोणत्याही गावची नाही.

१५/
आणखी एक खूण लक्षात ठेवा. काही पाकिटांवर ठळक रंगात अनुक्रमांक आणि एखाद्या बिछायत केंद्राचे नाव असते. मंडप, सतरंज्या, भांडी आणि लाउडस्पीकर भाड्याने देणारी ही दुकाने. लग्नात, गणपतीत, पोळ्याच्या दिवशी गावाने ऐकले ते बहुतांशी यांच्या तबकड्यांवरून. घरातला संग्रह एका कुटुंबाची आवड सांगतो. बिछायत केंद्राचा संग्रह गावाची आवड सांगतो. त्यांच्या तबकड्या ओरखड्यांनी भरलेल्या असतात म्हणून 'दर्दी' त्या हातात धरत नाहीत. माझ्या मते एकेक ओरखडा म्हणजे एकेक वरात.

१६/
आता आक्षेप घेऊ. पहिला आणि सर्वांत आवडता: "गाणे इंटरनेटवर आहे, मग तबकडी आणि पाकीट कशाला?"

कोणते गाणे आहे? गीतरामायणाचे उदाहरण घ्या. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर ५६ गीते प्रसारित झाली. त्यांत माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे असे अनेक गायक होते. पुढे १९६५ साली एचएमव्हीने दहा लाँग-प्ले काढल्या त्या एकट्या सुधीर फडके यांच्या आवाजात. आज बहुसंख्य श्रोते ऐकतात ते हे दुसरे ध्वनिमुद्रण, आणि त्याखाली लिहिलेले असते '१९५५'. दहा वर्षांचा फरक, निराळे माध्यम, निराळे गायक; सारे एका चुकीच्या आकड्याने सपाट झाले. कव्हर आणि लेबल समोर असते तर ही चूक शाळकरी मुलानेही केली नसती.

१७/
तबकडीवर दोन क्रमांक असतात हेही लक्षात असू द्या. लेबलावर छापलेला असतो तो सूचीक्रमांक, म्हणजे विक्रीचा. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीत उमटवलेला असतो तो मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. तेच ध्वनिमुद्रण पुढे दुसऱ्या सूचीक्रमांकाने पुन्हा विकले जाई. इंटरनेटवरच्या फाइलला यांपैकी एकही क्रमांक नसतो. जन्मदाखला नाही, पत्ता नाही, नुसता आवाज.

१८/
अगदी आरंभी तर आवाजालाच लेबल लावावे लागे. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात ध्वनिमुद्रणे केली. तबकड्या छापल्या जाणार होत्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे. तेथील कारागिरांना कोण गाते आहे हे कळावे म्हणून गायिका गाणे संपताच आपले नाव इंग्रजीत पुकारीत. गौहर जानची ती घोषणा प्रसिद्धच आहे. नाव हरवले तर आवाज अनाथ होतो, हे त्या धंदेवाईक कंपनीला पहिल्याच दिवशी समजले होते. सव्वाशे वर्षांनी आपण ते विसरलो.

१९/
विदर्भातील वाचकांनी पुढचे उदाहरण तर पाठच करावे. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे. त्यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांनी गायिली आणि १९३० च्या दशकाच्या आरंभी तिची ध्वनिमुद्रिका निघाली. मराठी भावगीताच्या इतिहासात ती पहिल्या पावलांपैकी एक मानली जाते. जोशी पुढे १९३८ साली स्वतःच एचएमव्हीत अधिकारी झाले; त्यांचे 'स्वरगंगेच्या तीरी' हे आत्मकथन जरूर वाचा. आता कवितेचे पुस्तक केव्हा निघाले? 'शीळ' हा संग्रह १९५४ चा. वीस वर्षे महाराष्ट्राने ही कविता वाचली कमी आणि ऐकली जास्त.

२०/
म्हणजे ती तबकडी हा मराठी साहित्याचाही दस्तऐवज आहे. परंतु साहित्याचा अभ्यासक पुस्तकाची पहिली आवृत्ती शोधतो, तिचे मुखपृष्ठ, किंमत, प्रकाशकाचा पत्ता टिपतो, आणि तबकडीविषयी 'ध्वनिमुद्रिकाही निघाली' एवढे लिहून मोकळा होतो. कोणत्या क्रमांकाची, दुसऱ्या बाजूस काय होते, कोणत्या गावांत विकली गेली? पुस्तकाच्या मुखपृष्ठाला मान आणि तबकडीच्या पाकिटाला रद्दी, ही विषमता मला आजवर कोणी समजावून दिलेली नाही.

२१/
दुसरा आक्षेप संग्राहकांचाच: "आम्हाला कोरी करकरीत प्रत हवी. शिक्के, नावे, पेन्सिलीचे आकडे म्हणजे घाण." म्हणून ते शिक्का खोडरबराने घासतात, कोपरा कापतात, किंवा दुसऱ्या तबकडीचे बरे दिसणारे पाकीट हिला चढवतात. शेवटच्या प्रकाराला मी सरळ बनावट दस्तऐवज म्हणतो. १९३५ ची तबकडी १९५८ च्या पाकिटात बसवून विकणारा मनुष्य ताम्रपटाला नवी मुद्रा जोडणाऱ्याच्या पंक्तीतला आहे.

२२/
गंमत अशी की ज्या पाश्चात्त्य छंदाची आपण नक्कल करतो, त्या छंदात मूळ पाकिटाला मोठा मान आहे. सोल आणि रॉकच्या सात इंची तबकड्या बहुधा कंपनीच्या सर्वसाधारण कागदी पाकिटातच येत. तिथला जाणकार विचारतो: हे पाकीट याच कंपनीचे, याच वर्षीच्या नमुन्याचे आहे का? रंगाची छटा, कडेची कापणी, छपाईतला पत्ता यांवरून तो वर्ष सांगतो. आपण त्यांच्याकडून भाव उचलले, शिस्त उचलली नाही.

२३/
येथे इंग्लंडच्या विगन या गावाची गोष्ट सांगणे भाग आहे. तेही कोळशाचेच गाव. जॉर्ज ऑर्वेलच्या १९३७ च्या पुस्तकामुळे दारिद्र्यासाठी ओळखले गेलेले. तिथे १९७३ ते १९८१ पर्यंत विगन कॅसिनो नावाच्या नृत्यगृहात रात्रभर सोलच्या तबकड्या वाजत. कोणत्या? डेट्रॉइट, शिकागो या अमेरिकी शहरांत साठच्या दशकात निघून पडून राहिलेल्या, खुद्द अमेरिकेने टाकून दिलेल्या. कामगारांच्या मुलांनी त्या गोदामांतून शोधून आणल्या. फ्रँक विल्सनची १९६५ ची एक तबकडी वितरणाआधीच मागे घेतली गेली होती, मोजक्या प्रती उरल्या. त्यांतली एक २००९ साली २५ हजार पौंडांहून अधिक किमतीला गेली.

२४/
विगनची काळी बाजूही सांगतो. प्रतिस्पर्ध्याला तबकडी ओळखता येऊ नये म्हणून तिथले डीजे लेबलावर कागद चिकटवीत आणि गायकाचे खोटे नाव सांगत. म्हणजे ज्यांनी गाणे वाचवले त्यांनीच काही काळ गायकाचे नाव पुसले. ज्या कृष्णवर्णीय गायकांना आपल्या देशात दाद मिळाली नाही, त्यांना परक्या देशात दाद मिळाली, पण भलत्याच नावाने! पुढे ती नावे परत जुळवता आली, कारण कागदाखाली लेबल शाबूत होते. आपल्याकडे खाली काही उरतच नाही.

२५/
आणि कोळशाच्या एका गावाने दुसऱ्या खंडातल्या शहराचा इतिहास सांभाळला, तर कोळशाच्याच या दुसऱ्या गावाला स्वतःचा सांभाळता येऊ नये?

२६/
तबकड्यांची घड्याळे, वाडगे, भिंतीवरच्या नक्ष्या करणाऱ्यांविषयी एकच पोस्ट पुरे. त्याला 'पुनर्वापर' म्हणतात. ताम्रपटाची परात करणे हाही पुनर्वापरच होता.

२७/
तिसरा आक्षेप मात्र विचार करण्याजोगा आहे, आणि तो संवर्धकांचा आहे. जुना कागद आम्लयुक्त असतो, ओल धरतो, बुरशी येते, त्याची धूळ तबकडीच्या चरांत बसते. हे खरे आहे. विदर्भात उन्हाळ्यात कागद कुरकुरीत होतो आणि पावसाळ्यात तोच लोळागोळा होतो. म्हणून तबकडी मूळ पाकिटात ठेवू नका, हे मान्य. पण याचा उपाय पाकीट फेकणे हा कसा? तबकडी नव्या आम्लरहित पाकिटात, उभी ठेवावी. जुने पाकीट सपाट करून निराळ्या फाइलीत. दोन्हींवर एकच नोंदक्रमांक, तोही मऊ पेन्सिलीने. खर्च किती? एका चहाचा.

(जाता जाता: लाखेची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नका. स्पिरिटात चपडा विरघळतो. उत्साही मंडळींनी या एका चुकीने किती आवाज धुऊन टाकले असतील!)

२८/
"हे काम सरकारने करावे" असे म्हणणाऱ्यांनी कायदा पाहावा. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली येथील नेमलेली ग्रंथालये यांना देणे बंधनकारक केले. १९५६ साली त्यात वृत्तपत्रे आली. ध्वनिमुद्रिका त्या कायद्यात नाहीत. पंचवीस पानी पाककृतीचे पुस्तक राष्ट्राने जपावे असे ठरले. बालगंधर्वांच्या तबकडीबद्दल तसे ठरले नाही. म्हणून आपल्या आरंभीच्या ध्वनिमुद्रणांच्या नोंदी शोधायला अभ्यासकाला ग्रामोफोन कंपनीच्या इंग्लंडमधील दप्तराचे दार ठोठवावे लागते.

२९/
आणि हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील स्वामित्वहक्क प्रथम प्रकाशनाच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे चालतो. १९६० साली निघालेल्या तबकडीवरचा हा हक्क २०२० अखेर संपला. (शब्द आणि चाल यांचे हक्क निराळे, ते कवी-संगीतकाराच्या हयातीवर मोजले जातात.) म्हणजे एखादे जुने ध्वनिमुद्रण आता सर्वांचे झाले की नाही, हे त्याच्या पहिल्या प्रकाशनाच्या वर्षावर ठरते. ते वर्ष सिद्ध कशाने करणार? लेबल, पाकीट, ईपीचे कव्हर, कंपनीची जुनी सूचीपत्रके. पाकीट फेकणारा मनुष्य जनतेच्या मालकीचा पुरावाही फेकत असतो.

३०/
काम करणारे लोक नव्हते असे नाही. मुंबईत १९९० साली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' स्थापन झाली. सुरेश चांदवणकर यांनी तिच्या नियतकालिकातून वर्षानुवर्षे याद्या, चरित्रे, लेबलांच्या माहित्या छापल्या. ऑस्ट्रेलियाच्या मायकेल किनियर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातील भारतीय ध्वनिमुद्रणांची सूची ग्रंथरूपाने दिली. ही पायाभरणी आहे, आणि ती नोकरी-धंदा सांभाळून छंद करणाऱ्यांनी केली. पण त्यांच्या सूच्या सांगतात काय निघाले. ते कोठे पोहोचले, हे मेहकर, वरोरा, ब्रह्मपुरी, आरमोरी येथल्या माळ्यांवरच कळू शकते. ते काम मुंबईत बसून होणारे नाही.

३१/
म्हणून तुम्हाला विनंती, आणि ती फार साधी आहे. आजोळी, काकांकडे, गावातल्या बंद पडलेल्या बिछायत केंद्रात तबकड्यांचा गठ्ठा सापडला तर आधी हात लावू नका. जसा आहे तसा फोटो काढा; कोणत्या पाकिटात कोणती तबकडी आहे ते क्रमाने टिपा; मग पाकिटाच्या दोन्ही बाजू, शिक्का, पेन्सिलीचा आकडा, लग्नात भेट म्हणून लिहिलेले नाव, सारे जवळून टिपा. लेबल आणि मॅट्रिक्स क्रमांक शेवटी. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा की हे कोणत्या दुकानातून आणले, आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा. तबकडी फुटलेली असली तरी तिची नोंद करा. फुटलेल्या तबकडीचे पाकीट शाबूत असते.

३२/
ईपीचे कव्हर असेल तर मागची बाजू सोडू नका. पुढे गायिकेचे रंगीत छायाचित्र असते, त्यावर सगळे खूश. मागे बारीक अक्षरांत गीतकार, संगीतकार, कधी गाण्यांविषयी चार ओळी. वादकांची नावे बहुधा नसतातच, आणि हे नसणेसुद्धा टिपण्यासारखे आहे. शाहिरी, भीमगीते, भजने, लोकगीते यांची तर चित्रपटांसारखी वृत्तपत्री परीक्षणेही नसत. त्या कलावंतांपैकी अनेकांचे छापील नाव म्हणून आज शोधायचे ठिकाण हेच एक कव्हर.

३३/
या धाग्याखाली नेहमीप्रमाणे कोणीतरी आपल्याकडच्या तबकडीचा फोटो टाकून 'किती मिळतील?' असे विचारील. त्याचे उत्तर मी देणार नाही. मात्र त्याच तबकडीचे पाकीट उलटून, शिक्का दिसेल असा फोटो टाकलात, तर दुकान, गाव आणि वर्ष लावण्याचा प्रयत्न मी जरूर करीन. 'जि. चांदा' असे अक्षर असलेली पाकिटे प्रथम पाहीन. माझ्या यादीत सध्या अशी अकराच आहेत.